हाउगेन, खाउहेन आणि गाउगेन

मिनेसोटातल्या एका आडवळणी काउंटीच्या कचेरीत व्हर्लिन हाउगेन बावीस वर्षं परवान्यांच्या खिडकीमागे बसत होता. लग्नाचा परवाना, मासेमारीचा परवाना, कुत्र्याचा परवाना, सगळे त्याच्याच हातून सुटायचे, आणि अर्जातला एक जरी रकाना रिकामा असला तर सुटायचे नाहीत. एका नवऱ्या मुलाने आईचं माहेरचं नाव लिहिलं नाही म्हणून व्हर्लिनने त्याला घरी परत पाठवलं होतं. तो पुन्हा आला तेव्हा सोबतची नवरी दुसरीच होती, असं गावात अजून सांगतात. हे साफ खोटं आहे. नवरी तीच होती, फक्त बोलत नव्हती.

त्यामुळे व्हर्लिन आणि त्याची बायको लवॉन यांनी युक्रेनमधून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याला धास्ती होती ती या वयात आपल्याला बाप होणं जमेल का, याची. कागदांची नव्हती. "कागद तू माझ्यावर सोड," असं तो लवॉनला म्हणाला, आणि ते वाक्य पुढे दहा आठवडे त्याला ऐकून घ्यावं लागलं.

निघण्याआधी रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला जमलेल्या मंडळींनी सल्ले दिले. एकजण म्हणाला, तिकडे शेंगदाण्याचं लोणी मिळत नाही, सहा बरण्या ने. दुसरा म्हणाला, एकही नेऊ नकोस, त्यांना वाटेल आपण त्यांना उपाशी समजतो. शेजारच्या टोलेफ्स्रूडबाईंनी स्वतः विणलेले लोकरी मोजे दिले, अकरा जोड आणि एक सुटा. सुटा का, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. व्हर्लिनने तीन बरण्या घेतल्या, सगळे मोजे घेतले, आणि 'सात वर्षांखालील एक किंवा दोन मुलं' अशी मंजुरी असलेली कागदांची चळत घेऊन २००५ सालच्या फेब्रुवारीत तो बायकोसह लुहोवेत्स नावाच्या गावात उतरला.

दुभाषा, ड्रायव्हर आणि वकिलाचा माणूस या तिन्ही जागांवर रोस्तिस्लाव नावाचा एकच गृहस्थ होता. त्याची लाडा गाडी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. कुठलीही वाईट बातमी सांगण्याची त्याची एक पद्धत होती. "छोटी अडचण आहे," असं म्हणून तो थांबायचा, सिगारेट शोधायचा, आणि मग म्हणायचा, "पण अडचण नाही." तोवर व्हर्लिन आपल्या कागदांची चळत पुन्हा मोजून घ्यायचा.

अनाथालयाच्या संचालिका तमिलाबाई धिप्पाड, दमलेल्या आणि मनाने मऊ होत्या. त्यांनी दोन भावंडं दाखवली: सहा वर्षांची ओरिस्या आणि चार वर्षांचा लेव्को. ओरिस्या सतत बोलायची, लेव्को अजिबात नाही. व्हर्लिन सहा फूट तीन इंच. मुलांच्या पातळीवर बसून बोलावं, असं त्याने पुस्तकात वाचलं होतं, म्हणून तो तिथल्या एका चिमुकल्या लाल खुर्चीवर बसला. खुर्ची मोडली असती तर निभावलं असतं. ती मोडली नाही. तो उठला तेव्हा तीही उठली. एका आयाने खुर्ची धरली, दुसरीने व्हर्लिनला धरलं, आणि तीस मुलं 'ओढा, ओढा' म्हणून ओरडू लागली. लेव्को एवढा वेळ कोपऱ्यात उभा होता. तो पुढे आला आणि त्याने खुर्चीचा एक पाय दोन्ही हातांनी घट्ट पकडला. ओढायला नव्हे. नुसता पकडून राहिला. त्या दिवसापासून व्हर्लिन आला की तो त्याला काहीतरी धरून उभा राहायचा: कधी कोटाची बाही, कधी बुटाची नाडी.

"हा आपला," लवॉन म्हणाली.

"अजून तेवीस कागद बाकी आहेत," व्हर्लिन म्हणाला, पण लेव्कोच्या मुठीतली बाही त्याने सोडवली नाही.

राहायची सोय स्तेफाआजींच्या घरी होती. पाच मजली इमारतीतला तिसरा मजला, दोन खोल्या. आजी सत्तरीच्या, उंचीने व्हर्लिनच्या कोपराएवढ्या, आणि त्यांना हे जोडपं म्हणजे कुणीतरी नीट न वाढवलेली पोरं वाटायची. व्हर्लिनला त्या 'वेर्लिन्को' म्हणायच्या. त्यांची शिकवण पहिल्या सकाळीच सुरू झाली.

"वेर्लिन्को, कचेरीत हसायचं नाही. उगाच हसणाऱ्याला लोक वेडा समजतात. वेड्याला कोण पोरं देईल?"

मिनेसोटाच्या माणसाला न हसता 'नमस्कार' म्हणता येत नाही. व्हर्लिनने आरशासमोर सराव केला. लवॉनने पाहिलं आणि विचारलं, "दात दुखतोय का?"

"घरात शीळ घालायची नाही. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही. दगडावर बसायचं नाही."

"दगडावर बसलं तर काय होतं?" रोस्तिस्लावमार्फत व्हर्लिनने विचारलं.

"मूल होत नाही," आजी म्हणाल्या, मग थोडा विचार करून पुढे म्हणाल्या, "तू बसला होतास ना? बघ."

दुसऱ्या आठवड्यात व्हर्लिनला सर्दी झाली. इमारतीच्या दाराशी बाकावर बसणाऱ्या तीन म्हाताऱ्यांची त्यावर सभा भरली. एकीने कांदा सांगितला, दुसरीने व्होडका, आणि दोघींचं भांडण जुंपल्यावर तिसरीने मोहरीची पूड सांगितली. कोरडी पूड मोज्यांत भरायची आणि मोजे दिवसभर काढायचे नाहीत. स्तेफाआजींनी हे ताबडतोब अमलात आणलं. टोलेफ्स्रूडबाईंचे मोजे जाड होते, त्यात पूड भरपूर मावली.

नेमकं त्याच दिवशी बालकल्याण निरीक्षकबाईंनी भेटीला बोलावलं. या बाई करारी म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांच्या टेबलावर एक वाळलेलं कॅक्टस होतं, आणि तेही त्यांना घाबरून वाळलं असावं असं वाटायचं. भेट सुरू झाली आणि मोहरी तापू लागली. 'ही मुलं तुम्हाला का हवीत?' या प्रश्नापर्यंत व्हर्लिनचे तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे झाले होते. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. निरीक्षकबाई बघत राहिल्या. अमेरिकेहून आलेला, आजवर एकदाही न हसलेला हा गंभीर गृहस्थ मुलांचं नाव काढताच रडतो, हे पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मुकाट्याने सही केली. बाहेर आल्यावर व्हर्लिनने बर्फात पाय रोवले आणि पाच मिनिटं तो तिथून हलला नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं, असं म्हणायला हरकत नाही. घोटाळा केला तो ओरिस्याने.

लवॉन तिला वेणी घालत होती. ओरिस्या म्हणाली, "झोर्याना याहून घट्ट घालते."

"झोर्याना कोण?" रोस्तिस्लावने विचारलं.

"आमची ताई," ओरिस्या म्हणाली. हे ठाऊक नसलेली माणसं जगात असतात याचंच तिला नवल वाटलं.

तमिलाबाईंना बोलावलं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग त्यांनी फाइल काढली, मग दुसरी काढली, आणि मग खुर्चीत बसल्या. बारा वर्षांची झोर्याना चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या मुलांच्या वसतिशाळेत होती. ही दोघं इथे यायच्या आधीच कुणा कारकुनाने तिच्या आडनावात एक अक्षर चुकवलं होतं. धाकट्यांचं आडनाव ह्रिंकिव, तिचं ह्रिंचिव. कागदोपत्री ती त्यांची कुणीच नव्हती. म्हणून तिला वेगळीकडे पाठवलं गेलं, आणि म्हणून यादीत भावंडं दोनच दिसत होती.

"छोटी अडचण आहे," रोस्तिस्लाव म्हणाला, आणि या खेपेला त्याने पुढचं वाक्य म्हटलंच नाही.

व्हर्लिन त्या एका अक्षराकडे बघत बसला. बावीस वर्षांत त्याने शेकडो लोकांना अक्षरांवरून परत पाठवलं होतं आणि लोकांनी त्याला पाठीमागे काय काय म्हटलं होतं, तेही त्याला माहीत होतं. पण चुकलेल्या अक्षराने एवढं होतं, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"आपल्याकडे खाटा दोन आहेत," तो लवॉनला म्हणाला.

"तिसरी करता येते."

"मंजुरी दोघांची आहे. सात वर्षांखालची."

"कागद माझ्यावर सोड, असं कोण म्हणालं होतं?"

झोर्यानाला भेटायला ते दुसऱ्याच दिवशी निघाले. वितळत्या बर्फाने रस्त्याचा चिखल झाला होता आणि लाडा त्यात रुतली. व्हर्लिनने मागून ढकलली. गाडी निघाली, व्हर्लिन मात्र तिथेच आडवा झाला. वसतिशाळेच्या दारात तो पोचला तेव्हा डोळे आणि चष्मा सोडून बाकी सगळा चिखल होता. समोर एक सडपातळ मुलगी हाताची घडी घालून उभी होती. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हे पितात का?" तिने रोस्तिस्लावला विचारलं.

"नाही नाही, गाडी रुतली."

"मी त्यांनाच विचारते." मग व्हर्लिनकडे वळून तिने एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर प्रश्न लिहिलेले होते, क्रमांक घालून. व्हर्लिनला ती त्याच क्षणी आवडली.

"तुम्ही पिता का?"

"नाताळला एक ग्लास."

"मारता का?"

"नाही."

"ओरडता का?"

"कचेरीत एकदा ओरडलो होतो. पेन्सिलने भरलेला अर्ज आला होता."

तिने याची नोंद केली. "लेव्को अंथरूण ओलं करतो. मग काय कराल?"

"चादर बदलू," लवॉन म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"ओरिस्या खोटं बोलते. मोठं नाही, छोटं छोटं. आणि तिला अंधारात झोप येत नाही. आणि लेव्को बोलत नाही असं सगळे सांगतात, पण तो बोलतो. फक्त माझ्याशी." एवढं सांगून तिने कागदाची पुन्हा घडी घातली. स्वतःविषयी एकही प्रश्न त्यावर नव्हता.

"आणि तू? तुला यायचं आहे का?" लवॉनने विचारलं.

"विचार करून कळवते," झोर्याना म्हणाली.

हे वाक्य व्हर्लिनने स्वतः हजार वेळा लोकांच्या तोंडावर फेकलं होतं. खिडकीच्या पलीकडून ते कसं लागतं, ते त्याला चिखलात निथळत उभं असताना कळलं.

आता तिसऱ्या मुलासाठी सुधारित मंजुरी हवी होती. समाजसेविकेने घर पुन्हा तपासून अहवाल द्यायचा, आणि अर्जदाराच्या सहीसकट त्यावर काउंटीच्या कचेरीचा शिक्का घ्यायचा. म्हणजे व्हर्लिनच्याच खिडकीतला शिक्का. तो निश्चिंत झाला. त्याने सही करून अर्ज फॅक्सने पाठवला आणि संध्याकाळी टपाल कचेरीतून फोन लावला. खिडकीवर त्याची मदतनीस दार्लीन होती. बारा वर्षं व्हर्लिनने तिला घडवलं होतं.

"दार्लीन, शिक्का मारलास?"

"नाही. फॅक्सची प्रत चालत नाही. मूळ सही लागते."

"अगं, माझीच सही आहे! तू ती रोज बघतेस!"

"हो, पण काळ्या शाईत आहे. आपल्याकडे निळी लागते. काचेवर नोटीस आहे. १९९४ पासून."

"ती नोटीस मीच लावली आहे!"

"म्हणूनच म्हणते."

"मग मी तो नियम आत्ता, या फोनवर रद्द करतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "रद्द करायला लेखी अर्ज लागतो, व्हर्लिन. मूळ सहीचा." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुला राग आला का रे? तूच सांगितलंयस, ओळखीचा माणूस असला तर दुप्पट काळजी घ्यायची."

राग आला होताच, पण तिचं चुकलं कुठे हे त्याला सापडेना. निळ्या शाईतला अर्ज कुरिअरने जायला आणि शिक्क्यासह परत यायला अकरा दिवस लागले. तेवढ्या काळात व्हर्लिन रोज लुहोवेत्सच्या कचेऱ्यांच्या रांगांत उभा राहायचा आणि आपल्या पुढच्या म्हाताऱ्यांना परत पाठवलेलं पाहायचा. एका आजोबांना त्याने स्वतःचं पेन देऊन रकाना कुठे राहिला ते बोटाने दाखवलं. आजोबांनी त्याला खिशातलं सफरचंद दिलं. रविवारी तो आणि लवॉन झोर्यानाकडे जायचे. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची आणि लवॉनने दिलेला डबा भावंडांसाठी तसाच बांधून ठेवायची.

शेवटी सुनावणीचा दिवस आला. न्यायाधीशबाईंनी कागद चाळले, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "या तिघांपैकी दत्तक नेमकं कोण घेतंय?"

व्हर्लिनने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

प्रकार असा होता की त्याच्या कागदांचं भाषांतर तीन ठिकाणी झालं होतं आणि आडनाव तीन तऱ्हांनी उतरलं होतं. पासपोर्टाच्या कागदावर खाउहेन, लग्नाच्या दाखल्यावर हाउहेन आणि अहवालावर गाउगेन. हाउगेन कुठेच नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, तो तीन माणसं होऊन न्यायालयात उभा होता.

"छोटी अडचण आहे," रोस्तिस्लाव पुटपुटला आणि त्याने साक्षीला स्तेफाआजींना उभं केलं. आजी ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून आल्या होत्या.

"या गृहस्थांना तुम्ही ओळखता?"

"ओळखते म्हणजे? सहा आठवडे जेवू घालतेय."

"हे खाउहेन, की हाउहेन, की गाउगेन?"

"बाईसाहेब, माणूस एकच आहे," आजी म्हणाल्या, "पण जेवतो तिघांएवढं. तुमच्या कागदांचं चुकलं असं मला नाही म्हणवत."

न्यायाधीशबाई खोकल्या. खोकला बराच वेळ चालला. मग त्यांनी तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याची नोंद करून घेतली आणि झोर्यानाला पुढे बोलावलं. दहा वर्षांवरच्या मुलाची संमती लागते.

"बाळ, या कुटुंबात जायला तुझी तयारी आहे?"

झोर्यानाने हाताची घडी घातली. 

"आधी माझं नाव दुरुस्त करा," झोर्याना म्हणाली.

"नाव तर बदलणारच आहे. हुकूम झाला की तुम्हा तिघांचं एकच आडनाव होईल."

"ते नंतरचं. आधी माझं नाव यांच्यासारखं लिहा. ह्रिंकिव. आईचं होतं तेच. एक दिवसासाठी लिहिलं तरी चालेल." तिने टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "तिथे लिहिलंय की मी यांची कुणी नाही. ते तसंच ठेवून मी कुठे जाणार नाही."

 न्यायाधीशबाईंनी सांगितलं की त्यासाठी वेगळा अर्ज लागेल, नोंदणी कचेरीतून जुनी वही मागवावी लागेल, निदान दोन आठवडे जातील. परतीची तिकिटं चार दिवसांवर होती आणि व्हर्लिनची रजा संपून आठवडा झाला होता. बाजूला बसलेल्या निरीक्षकबाई म्हणाल्या, "अगं पोरी, शेवटी फरक काय पडतो?"

रोस्तिस्लावने हे सगळं व्हर्लिनच्या कानात सांगितलं. व्हर्लिन उभा राहिला. उभं राहून बोलायची परवानगी घ्यायची असते, हे तो विसरला.

"फरक पडतो," तो म्हणाला. "मी बावीस वर्षं नोंदी ठेवतोय. चुकीच्या नोंदीवर दुसरी नोंद चढवता येत नाही. ती बरोबर बोलतेय. आम्ही थांबू." मग त्याला आठवलं की आपण बायकोला विचारलेलं नाही. त्याने खाली पाहिलं. लवॉन आधीच पर्समधून तिकिटं काढून रोस्तिस्लावकडे देत होती.

झोर्यानाने रोस्तिस्लावचं भाषांतर शेवटपर्यंत ऐकलं आणि मग व्हर्लिनकडे पाहिलं. ती हसली नाही. उगाच हसायची तिथे पद्धत नाही.

दोन आठवड्यांचे सोळा दिवस झाले. वही आली. अक्षर दुरुस्त झालं, त्यावर गोल शिक्का बसला. झोर्यानाने तो दाखला अनाथालयाच्या व्हरांड्यात ओरिस्या आणि लेव्कोला मोठ्याने वाचून दाखवला, तारखेसकट, शिक्क्यावरच्या अक्षरांसकट. ओरिस्याने टाळ्या वाजवल्या. लेव्कोने कागदाचा कोपरा धरला आणि सर्वांसमोर, स्पष्ट आवाजात विचारलं, "आता तू इथेच?"

"नाही," झोर्याना म्हणाली, "आता आपण तिघं तिकडे."

तिच्या संमतीचा कागद न्यायालयात गेला आणि पुढच्या आठवड्यात हुकूम झाला. मुलांचं आडनाव कसं लिहायचं, याची व्हर्लिनने सात वेळा खात्री करून घेतली. तरी लेव्कोच्या पासपोर्टावर खाउहेन आलंच. छोटी अडचण.

निघायच्या सकाळी स्तेफाआजींनी कुणाला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं असतं. मंडळी जागा मिळेल तिथे बसली: आजी स्टुलावर, रोस्तिस्लाव खिडकीच्या कट्ट्यावर, लवॉन आणि ओरिस्या बॅगेवर, व्हर्लिन जमिनीवर आणि लेव्को त्याच्या मांडीवर. झोर्याना दाराला टेकून बसली.  आजी आवाज न करता रडत होत्या. खाली लाडा सुरू ठेवलेली होती, ती धडधडत होती. मिनिट झालं, दोन झाली. व्हर्लिनला कधी उठायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि परवानगीशिवाय उठणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो बसूनच राहिला.

झोर्याना उठली, त्याच्यासमोर आली आणि तिने हात पुढे केला.

"ऊठ ना," ती म्हणाली. "तुझ्यामुळे विमान चुकेल."

या देशात परक्याला, साहेबाला, सरकारी माणसाला 'तुम्ही' म्हणतात, आणि घरच्याला 'तू'. व्हर्लिनला त्यांच्या भाषेतले जेमतेम चाळीस शब्द येत होते. पण हा त्यातलाच एक होता.

त्याने तिचा हात धरला आणि तो उठला.